अर्ध्या तासाची गाठ की सहा तासांची?

पत्र थोडक्यात (नाव-गाव लपवून): सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. मिस्टर ४१ वर्षांचे, ट्रॅक्टरवर असतात, हंगामात कारखान्याला ऊस ओढतात. डाव्या मांडीच्या मागे, गुडघ्याच्या जरा वर गाठ आहे. चार वर्षांपूर्वी तिथेच सुपारीएवढी गाठ होती, ती एका दवाखान्यात काढली, चरबीची आहे म्हणाले (तपासायला पाठवली नाही). दीडेक वर्षात परत आली, आता पेरूएवढी झालीये, सोनोग्राफीत ९ सेंटीमीटर आणि "स्नायूच्या आत" असं आलंय. दुखत मात्र नाही. दिराच्या ओळखीचे तालुक्याचे सर्जन म्हणतात अर्ध्या तासाचं काम, कमरेत इंजेक्शन देऊन काढू, संध्याकाळी घरी, तीस हजार. पुण्यातले कॅन्सर सर्जन म्हणाले अवघड जागा आहे, आधी एमआरआय, मग सुईने तुकडा, कदाचित ऑपरेशनआधी रेडिएशन, मग पाच-सहा तासांचं ऑपरेशन, प्लास्टिक सर्जनही लागेल. खर्च चार-पाच लाख. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, पुण्याचा डॉक्टर लुटतोय. सासरे म्हणतात सुई टोचली की गाठ चवताळते. मिस्टर म्हणतात कारखान्याचा पट्टा पडू दे (म्हणजे ऊस हंगाम संपू दे), मग बघू. ताई विचारतात: "एकाच गाठीला एक डॉक्टर सोपं म्हणतो, दुसरा अवघड म्हणतो. खरं कोण बोलतंय? आणि पाय तर जाणार नाही ना?"

---

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मलाही वाटलं की प्रश्न दोन डॉक्टरांचा आहे, दुसऱ्यांदा वाचताना तुम्ही कंसात लिहिलेल्या तीन शब्दांवर अडकले. "तपासायला पाठवली नाही." त्यावर नंतर येते, कारण त्यात माझंही एक जुनं पाप आहे.

आधी तुमचा प्रश्न, खरं कोण बोलतंय. मला वाटतं दोघंही खरं बोलताहेत, पण दोघं दोन वेगळ्या ऑपरेशनबद्दल बोलताहेत. तालुक्याचे डॉक्टर हाताला लागलेली गाठ काढायचं म्हणताहेत, तेवढंच असेल तर खरंच अर्धा-पाऊण तास लागतो. पुण्याचे डॉक्टर गाठ आणि तिच्याभोवतीचं चांगलं दिसणारं मांससुद्धा, सगळं एका गोळ्यात, गाठ कुठेही न फोडता काढायचं म्हणताहेत. हे काम वेगळंच आहे, त्याला वेळ वेगळा, माणसं वेगळी आणि पैसे वेगळे.

फरक कशाने पडतो ते सांगते. मोड आलेले वाल सोलताना दाणा जरासा दाबला की सालातून सटकन बाहेर येतो ना, साधी चरबीची गाठ, लायपोमा, तशी असते. तिच्याभोवती पातळ वेष्टण असतं, बोट फिरवलं की गाठ निघून येते, आणि अशाच गाठी जास्त असतात. साध्या गाठी कॅन्सरच्या गाठींपेक्षा शंभर पटीने तरी जास्त असतात असा ढोबळ हिशेब आम्ही डॉक्टर लोक धरतो. म्हणून सर्जन "चरबीची आहे" म्हणून मोकळा होतो आणि बहुतेक वेळा बरोबरही ठरतो, आणि ह्या बरोबर ठरण्याचीच सवय लागते बघा.

पण मऊ भागांचा एक कॅन्सर असतो, सार्कोमा. मऊ भाग म्हणजे चरबी, स्नायू, नसा, रक्तवाहिन्या, सांध्याभोवतीचं आवरण, ह्यातलं काहीही. मोठ्या माणसांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा १ टक्क्याच्या आसपास, आणि त्याचे प्रकार मात्र पन्नासच्या वर. ही गाठ फसवते कशी, तर तिच्याभोवतीही वेष्टण असल्यासारखं दिसतं. सर्जनला वाटतं काय सुंदर सुटतेय. पण ते वेष्टण खोटं असतं, दाबल्या गेलेल्या मांसाचंच झालेलं असतं, आणि त्यात नि त्याच्या बाहेरही कॅन्सरच्या पेशी बसलेल्या असतात. तुम्ही शेतीवाली माणसं आहात म्हणून तुम्हाला हे एका शब्दात कळेल, लव्हाळा. वरून उपटला की वावर साफ दिसतं, पण मातीत गाठी राहिलेल्या असतात, पंधरा दिवसांनी परत हिरवं. म्हणून लव्हाळा मातीसकट उचलावा लागतो, इथे ती माती म्हणजे भोवतीचं चांगलं मांस.

आता नीट वाचा, मी तुमच्या मिस्टरांच्या गाठीला हात लावलेला नाही, ती कॅन्सरची आहे असं मी म्हणत नाहीये. ती खोल वाढणारी साधी चरबीची गाठही निघू शकते, नसेवरची साधी गाठ निघू शकते. पण आम्हाला शिकवलेल्या धोक्याच्या खुणा ठरलेल्या आहेत: ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी, म्हणजे मोठ्या लिंबापेक्षा मोठी, वाढत चाललेली, खोल, म्हणजे स्नायूवरच्या पडद्याच्या आत, एकदा काढून परत आलेली, आणि दुखणारी. ह्यातल्या चार तुमच्या पत्रात आहेत. पाचवी नाही, आणि घरातले सगळे त्या पाचवीवरच विसंबलेत. दुखत नाही म्हणजे साधी, हे इतकं घट्ट बसलंय आपल्याकडे! सार्कोमा बऱ्याचदा दुखतच नाही. दुखणारी गाठ माणूस लगेच दाखवतो, न दुखणारी पेरूएवढी होईपर्यंत लुंगीखाली ठेवतो.

तो पडदा म्हणाले ना, तो मटण करताना तुम्ही शंभर वेळा पाहिलाय, मांसावरचा पांढरा चिवट पापुद्रा जो सुरीने ओढून काढावा लागतो. माणसातही तो असतो आणि गाठीला अडवणारी ती चांगली भिंत असते. गाठ पडद्याच्या वर, कातडीखालच्या चरबीत असेल तर सर्जनचं निम्मं काम सोपं, पडदा खालचा तळ म्हणून उचलायचा आणि झालं. पडद्याखाली असेल तर भाषाच बदलते. सोनोग्राफीवाल्याने "स्नायूच्या आत" लिहिलंय ते म्हणूनच महत्त्वाचं, ९ सेंटीमीटरच्या आकड्यापेक्षाही जास्त.

कारण लोक पहिला प्रश्न विचारतात "केवढी आहे?", आणि खरा प्रश्न असतो "कुणाच्या शेजारी आहे?" मांडीच्या पुढच्या जाड स्नायूत नारळाएवढी गाठ असेल तर काढायला तितकी जड नसते, भोवती काढून द्यायला भरपूर मांस असतं आणि उरलेले स्नायू काम सांभाळून घेतात. तीच गाठ बोराएवढी, पण तळहातात किंवा घोट्यापाशी असली की सर्जन डोकं धरून बसतो, भोवती घ्यायला जागाच नाही, जे आहे ते सगळं लागणारं. पोटाच्या मागच्या भागातली गाठ असेल तर तिची वेगळीच तऱ्हा, तिथे ती कलिंगडाएवढी होईपर्यंत कळत नाही आणि काढताना कधी मूत्रपिंड, कधी आतड्याचा तुकडा सोबत द्यावा लागतो. काख, जांघ, कोपराची पुढची बाजू आणि गुडघ्याची मागची बाजू ह्या अवघड जागा, कारण तिथून मुख्य रक्तवाहिन्या आणि नसा एकत्र जातात आणि मध्ये नुसती सैल चरबी, अडवायला भिंत नाही.

तुमच्या मिस्टरांची गाठ ह्यातल्या शेवटच्या जागेच्या अगदी दारात आहे. मांडीच्या मागून करंगळीएवढी जाड नस खाली येते, सायटिका सायटिका म्हणतात ना तीच, आणि गुडघ्याच्या थोडं वर तिच्या दोन फांद्या होतात. एक बाहेरच्या बाजूने जाते, ती पाऊल वर उचलते. दुसरी सरळ खाली पोटरीत जाते, ती पाऊल खाली दाबते आणि तळपायाला स्पर्श देते. शेजारून पायाची मुख्य धमनी आणि शीर. आता गाठीने ह्या सगळ्यांना नुसतं बाजूला ढकललंय की पोटात घेतलंय, ह्यावर ऑपरेशन चार तासांचं की आठ तासांचं ते ठरतं, गाठीच्या वजनावर नाही. नुसतं ढकललं असेल तर नसेवरचं पातळ आवरण गाठीबरोबर सोलून नस वाचवता येते. धमनीला वेढलं असेल तर तेवढा भाग कापून दुसऱ्या पायाची शीर किंवा कृत्रिम नळी जोडतात, मग रक्तवाहिन्यांचा सर्जनही बोलवावा लागतो. हाडाला टेकलेली असेल तर हाडावरचं आवरण खरवडून घेतात, आणि पुढे त्याच जागी रेडिएशन दिलं तर ते हाड काही वर्षांनी मोडायची भीती राहते, तेही आधीच धरावं लागतं.

हे मी एवढं सविस्तर का सांगतेय, कारण मिस्टरांचा डावा पाय आहे आणि ते ट्रॅक्टर चालवतात. म्हणजे क्लचचा पाय. पुण्याच्या डॉक्टरांना "अवघड आहे का?" असं विचारू नका, "हे परत क्लच दाबू शकतील का?" असं विचारा. पाऊल उचलणारी फांदी गेली तर पाऊल लोंबतं, चालताना बोटं अडकतात, पण बुटात बसणारी प्लास्टिकची पट्टी मिळते आणि माणूस चालता-फिरता राहतो. दाबणारी फांदी गेली तर क्लच दाबायचा जोरच जातो आणि तळपाय बधिर, काटा घुसला तरी कळत नाही, शेतात हे फार वाईट. कुठली फांदी धोक्यात आहे हे एमआरआय बघून बरंच सांगता येतं. आणि असा सरळ प्रश्न विचारला की डॉक्टरही सरळ उत्तर देतो हा माझा अनुभव, "अवघड आहे का"ला तो "बघू" म्हणणार.

आता ते कंसातले तीन शब्द.

मी तीसेक वर्षं तालुक्याच्या गावात जनरल सर्जरी केली. अपेंडिक्स, हर्निया, सिझर, आणि गाठी तर रोजच्याच. एक पंचविशीची मुलगी आली होती, दंडावर गाठ, लग्न ठरलेलं, बाह्यांच्या ब्लाउजातून दिसते म्हणून काढायची. मी सुन्न करायचं इंजेक्शन दिलं, व्रण कमी दिसावा म्हणून आडवी चीर घेतली, आणि आत गेल्यावर कळलं की ही वर नाहीये, पडद्याखाली जातेय. त्या क्षणी थांबायला हवं होतं, नुसता एक तुकडा घेऊन बंद करायला हवं होतं. मी नाही थांबले. तुकड्या तुकड्यात काढली, रक्त वाहत होतं म्हणून ड्रेनची नळी चिरेपासून चार बोटं लांब, दुसरीकडून बाहेर काढली. एकच गोष्ट बरी केली, बरणीत घालून तपासायला पाठवली. रिपोर्ट आला सायनोव्हियल सार्कोमा. तिला मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला पाठवलं, आणि तिथल्या सर्जनला माझी आडवी चीर, नळीचं भोक, आणि रक्त जिथे जिथे साकळलं होतं ती सगळी जागा परत काढावी लागली, कारण माझ्या हाताने पेशी तिथे तिथे पोचल्या होत्या. उभी चीर असती तर कातडी सरळ जुळली असती, आडवी होती म्हणून पाठीचं मांस वळवून दंडावर लावायला लागलं. पहिलं ऑपरेशन चाळीस मिनिटांचं होतं, दुसरं मी ऐकलं ते सात तासांचं.

ह्या प्रकाराला इंग्रजीत डॉक्टर लोक गमतीने "व्हूप्स" ऑपरेशन म्हणतात, म्हणजे "अरेच्चा" ऑपरेशन. मला त्या शब्दात गंमत वाटायची कधीच बंद झाली. पण त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, सार्कोमाचं ऑपरेशन सर्वात जास्त अवघड कशाने होतं तर आधीच्या अर्धवट ऑपरेशनने. तुमच्या मिस्टरांचं एक होऊन गेलंय. त्या जुन्या व्रणाखाली आता सगळं एकमेकांना चिकटलेलं असणार, थर ओळखू येत नाहीत, नस कुठली आणि व्रणाचा दोरा कुठला हे डोळ्यासमोर असून कळत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी वेळ जास्त सांगितला त्यात हा वेळही आहे.

म्हणून त्या जुन्या दवाखान्यात एकदा जाऊन या. भांडायला नाही. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, जे मिळेल ते मागा. आणि "तपासायला पाठवली नाही" हे नक्की ना, हेही एकदा विचारून घ्या, कधी कधी पाठवलेली असते आणि रिपोर्ट कुणी आणायलाच जात नाही. पाठवली असेल तर लॅबकडे गाठीचा तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ठोकळा, ज्याला ब्लॉक म्हणतात, तो अजून असू शकतो. तो मिळाला तर सोन्यासारखा सांभाळा, रिपोर्टच्या कागदापेक्षा तो मोलाचा, कारण त्यावर नव्याने तपासण्या करता येतात.

सासऱ्यांच्या सुईबद्दल. त्यांच्यावर हसू नका, त्यांनी गावात पाहिलेलं असणार, गाठीला हत्यार लागलं आणि माणूस सहा महिन्यांत गेला. पण त्यांनी बहुतेक सुई नाही, माझ्यासारख्या कुणीतरी केलेलं अर्धवट ऑपरेशन पाहिलंय, किंवा मुळातच पसरून झालेला आजार उशिरा दाखवलेला पाहिलाय. तपासणीची सुई, ट्रूकट म्हणतात, ती पेन्सिलीच्या शिशापेक्षा थोडीशी जाड असते, दोन-तीन शेवयांसारखे तुकडे येतात. तिने आजार पसरत नाही, मात्र ती कुठून घालायची ह्याला नियम आहे. नंतर जिथे चीर येणार त्याच रेषेत, म्हणजे सुईची वाट गाठीबरोबर काढून टाकता येते. म्हणून जो पुढे ऑपरेशन करणार त्यानेच, किंवा त्याच्या सांगण्यावरून, सुई घालायची. कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये "घ्या काढून एक तुकडा" असं नको. आणि एमआरआय आधी, सुई नंतर, कारण सुईने आत रक्त साकळलं की फोटोत ते गाठीसारखंच दिसतं आणि सगळे गोंधळतात. लोक घाईघाईत हे उलटं करतात, प्लीज करू नका.

तुकड्याशिवाय कुणीच, अगदी पुण्याच्या डॉक्टरांनीही, ऑपरेशनची तारीख देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. कारण गाठ कुठल्या जातीची ह्यावर किती मांस घ्यायचं ते बदलतं. चरबीच्या कॅन्सरचा एक अगदी सौम्य प्रकार आहे, त्यात नस वाचवून गाठीच्या कडेकडेने काढली तरी चालतं. एक प्रकार पडद्याच्या कडेने शेपट्या सोडतो, हाताला गाठ इथे लागते आणि शेपूट बोटभर पुढे गेलेलं असतं, तिथे कंजुषी केली की परत येते. डेस्मॉइड नावाची गाठ तर अशी आहे की आजकाल आधी नुसती लक्ष ठेवून बघतात, काही आपणहून थांबतात, काही तर आकसतातही. आणि नसेवरची साधी गाठ निघाली तर ती भिंगाखाली नस राखून सोलून काढतात. म्हणजे बघा, चार जाती, चार वेगळी ऑपरेशनं, आणि बाहेरून चारही पेरूच.

रेडिएशन आधी की नंतर, ह्यावरून तुमच्या दिरांनी "ऑपरेशनच्या आधी कुठे लाईट देतात का, पैसे काढायचे धंदे" असं म्हटल्याचं लिहिलंय. देतात. आधी दिलं तर साधारण पाच आठवडे रोज थोडं थोडं, मग महिना-दीड महिना थांबून ऑपरेशन. कॅनडात ह्यावर १९० पेशंट घेऊन अभ्यास झाला होता, २००२ साली छापून आला. आधी रेडिएशन दिलेल्यांत जखमेची दुखणी ३५ टक्क्यांना झाली, नंतर दिलेल्यांत १७ टक्क्यांना, म्हणजे दुप्पट. मग आधी का देतात? कारण आधी दिलं तर डोस कमी लागतो, भाजणारी जागाही लहान, आणि पुढे दोन वर्षांनी पाय ताठ होणं, सुजणं, कातडी लाकडासारखी होणं कमी राहतं. जखम चिघळली तर ती दोन-तीन महिन्यांत भरते, ताठ झालेला गुडघा जन्माचा. क्लचवाल्या माणसाला ह्यातलं कुठलं परवडतं हे डॉक्टरांबरोबर बसून ठरवायचं, मी इथून ठरवू शकत नाही. पण प्लास्टिक सर्जन का लागतो ते ह्यावरून कळलं असेल, रेडिएशन खाल्लेली कातडी नुसती ओढून शिवली तर उकलते, तिथे दुसरीकडचं ताजं मांस आणून लावलं तर जखम धरते.

जखम धरण्यावरून आठवलं, मिस्टर तंबाखू मळतात का? पत्रात नाही लिहिलंत, पण ट्रॅक्टरवरचा माणूस म्हणून विचारतेय. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि लावलेलं मांस काळं पडतं, प्लास्टिक सर्जन ह्या एका गोष्टीवर खरंच चिडतात. आजच बंद केली तर ऑपरेशनपर्यंत फायदा दिसेल. साखर तपासून घ्या, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सांगा. ही कामं घरची आहेत, ह्यातला अवघडपणा तुम्ही स्वतः कमी करू शकता.

आता पाय. "पाय तर जाणार नाही ना" हे तुम्ही शेवटी लिहिलंय, पण मला वाटतं खरा प्रश्न तोच आहे आणि त्याच भीतीने मिस्टर पट्टा पडायची वाट बघताहेत. पूर्वी पाय काढायचेच, ते खरं. १९८२ साली अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमधून स्टीव्हन रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४३ पेशंटचा एक अभ्यास छापला. १६ जणांचा हात किंवा पाय काढला, २७ जणांचा राखून नुसती गाठ भोवतीच्या मांसासकट काढली आणि रेडिएशन दिलं. राखलेल्यांत चौघांना त्याच जागी परत आली, पण जगण्यात फरक पडला नाही. तिथून वारं फिरलं आणि आज चांगल्या सेंटरमध्ये दहातल्या नऊ जणांचा हात-पाय राहतो. तेव्हा पाय जाण्याची भीती पुण्याच्या सहा तासांच्या ऑपरेशनमध्ये नाहीये, ते सहा तास पाय ठेवण्यासाठीच आहेत. पाय जायची वेळ येते ती गाठ तिसऱ्यांदा-चौथ्यांदा परत येऊन नसा, धमनी, हाड सगळं गिळते तेव्हा.

पैसे. चार-पाच लाख ऐकून पोटात गोळा येणारच, पण पुण्याचं ते हॉस्पिटल म्हणजे एकच वाट नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार बसतात, कॅन्सरची ऑपरेशनं आणि रेडिएशनही त्यात येतात, फक्त हॉस्पिटल योजनेत पाहिजे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा, दारातच आरोग्यमित्र नावाचा माणूस बसलेला असतो, डॉक्टरांच्या आधी त्याला भेटा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते, नंतर बिल घेऊन गेलात तर काही होत नाही, ह्यात खूप जण फसतात. दुसरी वाट परळचं टाटा. १९४१ पासूनचं हॉस्पिटल, तिथे हाडांच्या आणि मऊ भागांच्या गाठींचा वेगळा विभागच आहे, म्हणजे ते सर्जन वर्षभर हेच करतात. जनरल कॅटेगरीत फाईल काढा, खर्च पुष्कळ कमी. गर्दी असते, पहिले दोन-तीन दिवस नुसते रांगेत जातात, कंटाळून परत येऊ नका. राहायला दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळमध्ये नाना पालकर स्मृती समिती आहे, पेशंटच्या माणसांची सोय होते, चिठ्ठी हॉस्पिटलातल्या समाजसेवा विभागातून घ्या.

आणि तालुक्याच्या डॉक्टरांना कसं सांगायचं? दिराचे ओळखीचे आहेत, सोयरीक-संबंध, गावात रोज तोंड दिसतं, हे मला कळतं. त्यांना वाईट हेतूचे समजू नका, त्यांनी गाठ हाताने पाहिलीये, त्यांच्या जागी चाळिशीतली मी असते तर कदाचित मीही तेच म्हटलं असतं. त्यांना म्हणा, "डॉक्टरसाहेब, एकदा परत आलीये म्हणून आम्हाला आधी एमआरआय करून घ्यायचाय, तुम्ही चिठ्ठी लिहून द्याल का? पूर्ण मांडी गुडघ्यासकट, कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन." चिठ्ठी त्यांच्याकडून घेतली की त्यांचा मान राहतो. रिपोर्ट त्यांनाच आधी दाखवा. मला तर वाटतं, तो फोटो पाहून तेच तुम्हाला पुण्याला किंवा परळला पाठवतील, चांगला सर्जन आपल्या हाताची मर्यादा फोटोत बघतो. नाही पाठवलं आणि तरी अर्धा तासच म्हणाले, तर त्यांना दोनच प्रश्न विचारा, अशा सार्कोमाच्या गाठी वर्षाला किती करता, आणि रिपोर्ट कॅन्सरचा आला तर पुढे काय करणार. उत्तर ऐकून तुमचं तुम्हालाच कळेल.

ज्यांच्या घरी अशीच कुणाची गाठ आहे आणि हे वाचताय, त्यांनी घाबरून प्रत्येक गाठीला एमआरआय करत सुटू नका. कातडीखाली हलणारी, वर्षानुवर्षं तेवढीच असलेली, वाटाण्याएवढी-बोराएवढी गाठ असेल तर तुमच्या गावच्या सर्जनकडून खुशाल काढा, फक्त बरणीत घालून तपासायला पाठवा म्हणून हट्ट धरा. पाचशे-हजार रुपये वाचवायची ही जागा नाही.

राहिला कारखान्याचा पट्टा. तारखेचं म्हणाल तर एमआरआय आणि तुकडा हंगाम संपायची वाट बघत थांबवायचे नाहीत, दोन्हीला मिळून दोन-तीन दिवसांचा खाडा पडेल, ऊस एवढे दिवस दुसऱ्या ड्रायव्हरवर ओढता येतो. तुकड्याचा रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस, जास्त तपासण्या लागल्या तर तीन आठवडे, तोवर ते ट्रॅक्टरवर बसू देत. रिपोर्ट साधा आला तर पट्टा पडल्यावर निवांत काढा, मीच सांगते. वाईट आला तर छातीचा सीटी स्कॅन करतील, कारण हा आजार गेला तर आधी फुफ्फुसात जातो, आणि मग तारीख डॉक्टर देतील ती. मिस्टरांना हे असंच सांगा, की ऑपरेशनचं आत्ता कुणी विचारत नाहीये, फक्त फोटो काढायचाय. आणि परळला किंवा पुण्याला जाताना दिरांना सोबत न्या. घरात बसून जो सगळ्यात जास्त बोलतो त्याला डॉक्टरसमोर खुर्चीत बसवावं, मग परत आल्यावर सासऱ्यांना समजवायचं काम तोच करतो.

सोनोग्राफीचा कागद आणि जुनं डिस्चार्ज कार्ड मिळालं तर त्याचा फोटो मला पाठवा. कार्डावर चीर उभी की आडवी लिहिलेलं नसलं तर मिस्टरांच्या मांडीवरचा व्रण बघून तुम्हीच लिहून ठेवा, आणि नळीचं भोक वेगळं दिसत असेल तर ते कुठे आहे तेही. ते पुढच्या सर्जनला पहिल्या भेटीतच दाखवा.